लक्षणांचे वाचन, कृत्यांचे विस्मरण

सायकोपाथ ओळखण्याची विद्या सध्या फार लोकप्रिय झाली आहे. गोड बोलणारा, बढाई मारणारा, डोळ्यांत पाणी न येणारा माणूस दिसला की लक्षणांची यादी काढावी, खुणा कराव्यात आणि निकाल देऊन मोकळे व्हावे. हा खेळ वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपुरता राहिला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण तो आता साहित्याच्या वर्गातही शिरला आहे. इयागो सायकोपाथ, मर्सो सायकोपाथ. शिक्का बसला की पात्रचर्चा संपली. या आळसात आम्हीही भागीदार आहोत, हे आधीच कबूल करतो.

मुळात ही यादी आली कोठून? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये 'द मास्क ऑफ सॅनिटी' हा ग्रंथ लिहिला. असा माणूस वरवर पाहता अगदी शहाणासुरता, प्रसन्न वाटतो, हे त्यांचे मुख्य निरीक्षण शीर्षकातल्या मुखवट्यातच आले आहे. पुढे कॅनडात रॉबर्ट हेअर यांनी कैद्यांच्या अभ्यासातून वीस मुद्द्यांची मोजपट्टी घडवली. प्रत्येक मुद्द्याला शून्य ते दोन गुण, एकूण चाळीस. आणि ती वापरायची प्रशिक्षित तज्ज्ञाने. तिचा एक दंडक मात्र यादीप्रेमींच्या कानी पडलेला दिसत नाही: केवळ मुलाखतीवरून गुण द्यायचे नाहीत, त्या माणसाच्या पूर्वायुष्याच्या नोंदी तपासल्याच पाहिजेत. कारण उघड आहे. समोर बसलेला माणूस खोटे बोलण्यात निष्णात असू शकतो. म्हणजे तज्ज्ञही चेहऱ्यावर विसंबत नाही. तो कृत्ये वाचतो.

साहित्याने हे आपल्याला फार पूर्वीच शिकवायला हवे होते. आल्बेर काम्यूच्या 'द आउटसायडर'मधील (मूळ फ्रेंच, १९४२) खटला आठवा. मर्सोने समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाचा खून केला आहे. पण सरकारी वकील बोलतो कशाबद्दल? आईच्या अंत्यविधीच्या वेळी तो रडला नाही, दुसऱ्या दिवशी पोहायला गेला, विनोदी चित्रपट पाहिला. न ढाळलेल्या अश्रूंचा हिशेब होतो आणि मेलेला माणूस बाजूला पडतो. त्या अरबाला कादंबरीत नावसुद्धा नाही. ते द्यायला कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकाची २०१३ मधील कादंबरी यावी लागली. मर्सोवर निदानाचा शिक्का मारणारा वाचक, नकळत का होईना, त्या वकिलाच्याच शेजारी जाऊन बसतो.

'ऑथेल्लो' तर याहून कठोर आहे. देवलांच्या 'झुंझारराव'मुळे हे कथानक मराठी रंगभूमीलाही परके नाही. ऑथेल्लो ज्याला पुनःपुन्हा प्रामाणिक म्हणतो, तो इयागोच. आणि निष्पाप डेस्डिमोनाचा बळी कशाने जातो? एका रुमालाने, म्हणजे एका लक्षणाने! लक्षणे वाचण्याची हौस हेच इयागोचे हत्यार आहे. त्याचे पितळ उघडे पडते ते कोणा मनोविश्लेषकामुळे नव्हे, तर रुमाल आपणच उचलून नवऱ्याला दिला हे सत्य जिवाची पर्वा न करता सांगणाऱ्या एमिलियामुळे. साक्ष आहे ती कृत्याची, स्वभावाची नव्हे.

यावर कोणी म्हणेल, 'मग फसवल्या गेलेल्यांनी सावध तरी कसे व्हायचे?' प्रश्न रास्त आहे. ज्याने असा छळ सोसला आहे, त्याला 'सायकोपाथ' या शब्दात दिलासा मिळत असेल, तर तो हिरावून घेण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण त्याला त्या शब्दाची गरज नाही, एवढे मात्र आम्ही सांगू. तो खोटे बोलला, त्याने पैसे बुडवले, धमकावले, पकडला गेल्यावर दोष दुसऱ्यावर ढकलला आणि पुन्हा तेच केले: ही साधी मराठी वाक्ये पुरेशी आहेत. दूर होण्यासाठी, तक्रार करण्यासाठी निदानाचे प्रमाणपत्र लागत नाही. उलट शिक्क्याची सवय लागली की अबोल विद्यार्थी, रडू न येणारी विधवा, नजर न मिळवणारा सहकारी असे निरपराध लोक तावडीत सापडतात; आणि खरा मुखवटेवाला मात्र योग्य वेळी, योग्य तेवढे रडून सुटतो.

तेव्हा वर्गात यापुढे 'हा कोण आहे?' असे विचारण्याआधी 'याने काय केले, आणि कोणाला?' असे विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.