चार रोपं राखा!

माघ लागला की आई चुलीवर टांगलेली पुरचुंडी उतरवी. तांबड्या भाजीचं बारीक काळं बी राखेत मिसळून वाफ्यात विखरी. महिन्याभरात भाजी जेवणात. चार रोपं मात्र ती उपटत नसे. ती पुढल्या वर्षाच्या बियाण्याची.

आज मीही हायब्रीडचं पाकीट आणतो. त्या पिकाचं बी धरून पेरलं तर रोपं मूळच्यासारखी निघत नाहीत, म्हणजे दरवर्षी पुन्हा पाकीट! खोल्याच्या मिरचीला जीआय मिळालं म्हणून आम्ही टाळ्या पिटल्या. पण घरचं बी किती जणांनी राखलं? भाजी बेळगावहून घाट उतरून यायची आणि आम्ही संस्कृतीवर भाषणं ठोकायची!

मंडळी, परंपरा पुरचुंडीत टिकते. यंदा चार रोपं उपटू नका.