नावाने कोण बांधले जाते?

निसर्गातील अदृश्य शक्तींशी संधान बांधायचे तर त्यांचे खरे नाव ठाऊक हवे, आणि ते कळले की शक्ती वश होते, असा मंत्रतंत्राच्या जगातला जुना सिद्धांत आहे. प्राचीन इजिप्तच्या एका कथेत इसिस देवी सूर्यदेव रा याला सर्पदंश घडवून त्याचे गुप्त नाव काढून घेते. ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये छापलेल्या एका कथेत बुटक्याचे नाव कळताच त्याचा राणीच्या मुलावरचा हक्क संपतो. जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाऊ’मध्ये जगभरचे नावांचे विधिनिषेध गोळा केले आणि आदिम माणसाला नाव व नावधारी यांतला भेद कळत नाही, असे अनुमान काढले. महाराष्ट्रातल्या ग्रामदैवतांनाही हाच सिद्धांत सर्रास लावला जातो. देवऋषी तो आपल्या विद्येच्या समर्थनासाठी लावतो, टीकाकार तिची टर उडवण्यासाठी. लोक नावाच्या जोरावर निसर्गाला बांधू पाहतात, हे दोघांनीही धरूनच चाललेले असते. शिरूर-दौंडकडचा व्यवहार जवळून पाहिला तर हे गृहीत टिकत नाही.

पहिली साक्ष पाण्याची. कारेगाव, रांजणगाव हा घोड आणि भीमा यांच्या मधला, पर्जन्यछायेतला मुलूख. येथे विहिरीला पाणी लागणे ही घरादाराच्या नशिबाची गोष्ट. अशा मुलखात विहिरीच्या कडेला किंवा ओढ्याच्या डोहापाशी शेंदूर फासलेले सात तांदळे ओळीने मांडलेले असतात. त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. त्यांची ओटी भरतात ती हिरवा खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि नारळ घेऊन, नैवेद्याला दहीभात. ओटी भरणाऱ्या बाईला सातजणींची नावे विचारली तर बहुधा सांगता येत नाहीत. कोणता तांदळा कोणाचा, हेही ठरलेले नसते. तरी विधी अडत नाही, ओटी परत जात नाही. खरी नावे जाणत्यालाच ठाऊक असतात, सामान्यांना नाहीत, असा बचाव यावर केला जातो. पण जाणत्यांकडून मिळालेल्या, लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी नोंदवलेल्या याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. प्रदेश बदलला की बहिणींची नावे बदलतात. ज्या विद्येचे सारे बळ अचूक नावात आहे, तिला इतकी ढिलाई परवडली नसती.

म्हसोबाची गोष्ट तर उलट्या बाजूने हेच सांगते. त्याचे नाव गुप्त नाहीच. पोराटोरांना ठाऊक आहे. बांधावर म्हसोबा, घाटात म्हसोबा, वेशीवर म्हसोबा. नाव ही किल्ली मानली तर एकच किल्ली हजार कुलपांना लागते आहे, आणि ती चौकात टांगलेली आहे. लोक या म्हसोबांत फरक करतात तो ठिकाणावरून: खरवड्याचा, अमक्या शिवेवरचा, तमक्या खाणीचा. म्हणजे हाक दैवताच्या गाभ्याला नसते, त्या जागेच्या धन्याला असते. नांगर कोणाच्या हद्दीत चालला आहे, हे बोलणाऱ्याने त्यात कबूल केलेले असते.

नाव टाळण्याची चालही फ्रेझरच्या अनुमानात नीट बसत नाही. रात्री साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात. देवीची साथ आली की तिला रोग म्हणत नसत, ‘आई आली’ म्हणत. येथे भीती आहे, यात वाद नाही. परंतु याच समाजात बायको नवऱ्याचे नाव एरवी टाळते आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घेते. नवऱ्यावर कोणी जादू करील म्हणून ती नाव दडवते, असे कोणी म्हणत नाही. ते मर्यादेचे लक्षण समजतात. आता ही मर्यादा एकाच बाजूने पाळायची, हा भाग निराळा आणि टीकेला पात्रच. मुद्दा एवढाच, की नाव केव्हा घ्यायचे आणि केव्हा नाही, हे येथे नाते ठरवते. सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्याला त्याच्यावर सत्ता नको असते, त्याने आपल्या वाटेला जाऊ नये एवढेच हवे असते.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा देवऋषीच्या ओट्यावर मिळतो. अंगात आलेल्या माणसाला तो दरडावून विचारतो: तू कोण? कुठली? मग येथे तरी नावानेच वश केले जाते, असे म्हणता येईल. पण प्रश्न तिथे थांबत नाहीत. लगेच पुढचा येतो: काय पाहिजे? उत्तरात राहिलेली ओटी निघते, फेडायचा नवस निघतो, कधी भाऊबंदकीतली बुजवलेली कागाळीही बाहेर येते. नाव हे गाऱ्हाणे कोणाचे आहे ते कळण्यापुरते. उतारा पडतो तो देणे भागवल्याने. जिथे देवऋषी खरोखर नावाच्या आणि माराच्या जोरावर भूत काढायला निघतो, तिथे चर्चेचा विषयच संपतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला 6 महिने ते 7 वर्षे कैदेची तरतूद आहे. त्या कायद्याला परंपरेवरचा घाला म्हणणाऱ्यांनी विहिरीवरची ओटी आणि ही धुरी यांची सरमिसळ करू नये. ओटी भरणाऱ्या बाईला हा कायदा हातही लावत नाही.

मग नावाचे काम काय? ते घेणाऱ्याला बांधते. शिरूरहून पुण्याकडे जाताना हवेली तालुक्यात वाडे बोल्हाई लागते. या नावाची देवी पुराणांत शोधून सापडायची नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) या ग्रंथात ज्या स्थानिक मातृदेवतांचा माग काढला, त्यांत ती आहे. तिला मानणारी घरे बोकडाचे मटण खात नाहीत, मेंढीचेच खातात. पुणे जिल्ह्यात आणि शेजारच्या नगरकडे खाटकाच्या दुकानावर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी असते आणि गिऱ्हाईक तेच मागून घेते. लग्नाच्या जेवणात ‘आमच्यात बोल्हाईचंच चालतं’ एवढे सांगितले की स्वयंपाक्याला पुढचे समजते. नावाने देवी कोणाच्या ताब्यात आलेली नाही. माणसांची पातेली मात्र तिच्या ताब्यात गेली आहेत.

देवराईचेही तसेच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. ‘देवाचं रान’ म्हटले की कुऱ्हाड लावायची नाही, वाळले लाकूड उचलतानाही विचार करायचा, असे निर्बंध त्यांत दिसतात. नाव एकटे मात्र झाड राखत नाही. रानातल्या तांदळ्याला पुराणातले भारदस्त नाव मिळाले, वर सिमेंटचे देऊळ उठले आणि त्याच्या खर्चासाठी किंवा जागेसाठी भोवतीची झाडे तुटली, असेही घडले आहे. तिथे देवाचे नाव वाढले आणि त्या नावाबरोबर आलेली मनाई गळून पडली.