पंचवीस चौरस मीटर

हडको म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजीनगरची नाहीतर नांदेडची वसाहत आठवते. कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचं नाव वस्तीलाच चिकटलं, गंमतच आहे! दिल्लीत 25 एप्रिल 1970 ला ती स्थापन झाली ती मुख्यतः घरं बांधणाऱ्या मंडळांना पैसा पुरवायला. पुढे खेड्यांतल्या घरांनाही तिचं कर्ज मिळू लागलं, पण आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात सरकारी घर म्हणजे 'घरकुल'. आधी 1985-86 मध्ये आलेली इंदिरा आवास योजना, मग 2016 पासून पंतप्रधान आवास योजना. हे कर्ज नव्हे, अनुदान.

या सगळ्यात मला एक नियम फार आवडतो. ठेकेदार नको, ज्याचं घर त्यानेच बांधायचं. ज्या कोणी हे लिहिलं त्याला खेडं कळत होतं.

माप ठरवणाऱ्याला मात्र कळत नसावं. पूर्वी घर किमान 20 चौरस मीटरचं, 2016 मध्ये ते 25 झालं. तीस वर्षांत पाच मीटर!

मागच्या उन्हाळ्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका ओळखीच्या मावशींकडे गेलो होतो. अंगणात हिरडा वाळत पडलेला. त्यांचं जुनं घर कारवीच्या कुडाचं. त्यात गुरं, भाताची कणगी, माळ्यावर सरपण, पुढे पडवी. शेजारी नवं घरकुल, स्लॅबचं. "माणसं मावतात भाऊ," मावशी म्हणाल्या, "पण घरात काय नुसती माणसं असतात का?"

कुडाचंच घर बरं, असं मी म्हणणार नाही. 30 जुलै 2014 ला याच तालुक्यात माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर पक्क्या भिंतीची हौस कुणाला नसेल? (तिथे भिंतीपेक्षा जागेचा प्रश्न मोठा होता, म्हणून तर 2017 मध्ये नवं माळीण दुसऱ्या जागी वसवलं.) माझं म्हणणं एवढंच, की पक्कं घर देताना त्या घरात काय काय राहणार हे एकदा तिथल्या बाईला विचारा.

निघताना नव्या घरात डोकावलो. खाट नाही, चूल नाही. भिंतीला लावून हिरड्याची पोती रचलेली. भिजला तर भाव मिळत नाही ना! मावशी स्वतः अजून कुडाच्या घरातच झोपतात.