भूकंपाविना आलेली लाट

15 जानेवारी 2022. शनिवारची संध्याकाळ. दक्षिण प्रशांत महासागरातील टोंगा या जेमतेम एक लाख वस्तीच्या देशात सव्वापाचच्या सुमारास राजधानी नुकुआलोफापासून 65 किलोमीटरवर समुद्राचे पोट फाटले. राखेचा आणि वाफेचा स्तंभ 57 किलोमीटर उंच चढला. याहून उंच स्तंभ उपग्रहांनी आजवर मोजलेला नाही. स्फोटाचा आवाज नऊ हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या अलास्कात लोकांनी आपल्या कानांनी ऐकला. टोंगाच्या काही किनाऱ्यांवर 15 मीटर उंचीपर्यंत पाणी चढले.

या स्फोटाची छायाचित्रे तेव्हा साऱ्या जगाने पाहिली. मला मात्र त्याच्या चार दिवस आधीची एक छोटी बातमी अधिक अस्वस्थ करते. 20 डिसेंबर 2021 रोजी सुरू झालेला उद्रेक थंडावला म्हणून 11 जानेवारीला हा ज्वालामुखी निद्रिस्त झाल्याचे जाहीर करण्यात आले होते! 14 तारखेला तो पुन्हा भडकला आणि दुसऱ्या दिवशी त्याने इतिहास घडवला. मग जाहीर करणारे चुकले काय? त्यांना दोष देण्याआधी या ज्वालामुखीची वंशावळ पाहिली पाहिजे.

त्याचे नाव हुंगा टोंगा-हुंगा हापाई. ही दोन चिंचोळ्या, निर्मनुष्य बेटांची नावे. प्रत्यक्षात ती बेटे म्हणजे समुद्रतळापासून सुमारे 1,800 मीटर उंच उठलेल्या एका प्रचंड पर्वताच्या माथ्यावरचे दोन कंगोरे. बाकी सारा पर्वत पाण्याखाली. 1912 आणि 1937 मध्ये येथे लहान उद्रेक झाल्याची नोंद आहे. पुढे 1988, 2009 आणि 2014-15 असे उद्रेक होत राहिले. शेवटच्या उद्रेकात तर राखेच्या ढिगाने दोन्ही बेटे जोडली गेली आणि नव्याने जन्मलेली भूमी पाहायला शास्त्रज्ञ तेथे गेले. थोडक्यात, शंभर वर्षांत या ज्वालामुखीने कुणाचे फारसे वाकडे केले नव्हते. तो अधूनमधून खोकणारा शेजारी आहे, अशीच समजूत होणे स्वाभाविक होते.

पण शंभर वर्षे हा आपला हिशेब झाला, पर्वताचा नव्हे. ऑकलंड विद्यापीठाचे शेन क्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये तेथे जाऊन समुद्रतळ मोजला, तेव्हा बेटांच्या शेजारी पाण्याखाली सुमारे 150 मीटर खोलीवर काही किलोमीटर रुंदीची खचलेली कढई सापडली. राखेच्या जुन्या थरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. इ.स. 1100 च्या सुमारास येथे महास्फोट झाला होता, आणि अशा स्फोटांमध्ये साधारण हजार वर्षांचे अंतर असते. लहान उद्रेक त्या कढईच्या काठावरचे होते. 2022 चा स्फोट कढईच्या तळातून आला. शिलारस आणि समुद्राचे पाणी एकमेकांना भिडले. पाणी फार खोल असते तर त्याच्या भाराने स्फोट दाबला गेला असता, पण येथे ते उथळ होते. नंतर मोजणी झाली तेव्हा कढईचा तळ 850 मीटर खोल गेलेला आढळला. जवळजवळ दहा घन किलोमीटर इतका ऐवज उडून गेला होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जगभरची त्सुनामी-इशारा यंत्रणा प्रामुख्याने भूकंपावर कान लावून बसलेली आहे. समुद्रतळाशी मोठा भूकंप झाला की काही मिनिटांत त्याची जागा, खोली आणि तीव्रता कळते, आणि त्यावरून लाटेचा अंदाज बांधला जातो. टोंगात मोठा भूकंप झालाच नाही. नोंदला गेलेला हादरा 5.8 तीव्रतेचा होता आणि एवढ्या हादऱ्याने महासागर ओलांडणारी लाट उठत नसते. शिवाय स्फोटामुळे हवेत उठलेला दाबाचा तरंग लाटेच्याही पुढे धावला आणि वाटेतले पाणी ढवळत गेला. जपानइतक्या सावध देशानेही आधी धोका नसल्याचे सांगितले. अपेक्षित वेळेच्या दोन तासांहून अधिक आधी पाणी वाढू लागले, तेव्हा मध्यरात्रीनंतर इशारा द्यावा लागला. पेरूमध्ये इशारा दिला गेला नाही, आणि स्फोटापासून दहा हजार किलोमीटरवरच्या त्या किनाऱ्यावर दोन स्त्रिया बुडाल्या.

हे पहिल्यांदाच घडत होते असेही नाही. 22 डिसेंबर 2018 च्या रात्री इंडोनेशियात अनाक क्राकाटाऊ या ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात कोसळली. भूकंप नाही, म्हणून भोंगा नाही. चारशेहून अधिक माणसे मेली.

मग टोंगात मृतांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कशी राहिली? आदल्या दिवशीच्या उद्रेकाने लोक सावध होते. 2009 च्या सप्टेंबरातील त्सुनामीने देशात नऊ बळी घेतले होते, तीही आठवण होती. आवाज ऐकताच लोक उंच जागी धावले. यानंतर देशाला जगाशी जोडणारी समुद्राखालची तार तुटली आणि ती पाच आठवड्यांनी जोडली गेली. म्हणजे मदत मागण्याचे साधन गेले, तरी पळण्याचे शहाणपण शाबूत होते. यंत्र कमी पडले तेथे माणसांनी निभावून नेले.

आपल्याला यात काय? अंदमानच्या समुद्रात बॅरन बेट आहे. त्याचाही माथाच तेवढा पाण्यावर, पायथा सुमारे दोन किलोमीटर खोल. दीडशेहून अधिक वर्षे झोपलेला हा ज्वालामुखी 1991 मध्ये जागा झाला. जानेवारी 2017 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बोटीवरून त्याला पुन्हा राख ओकताना पाहिले. घाबरवण्याचा माझा हेतू नाही. बॅरनचा ज्ञात इतिहास सौम्य आहे. पण हुंगाचाही तसाच होता. 2004 च्या आघातानंतर हैदराबादेत 2007 पासून आपले त्सुनामी इशारा केंद्र उभे आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. भूकंपमापकाच्या जोडीला हवेच्या दाबाची आणि समुद्रपातळीची नोंदही त्याच तत्परतेने वाचली जावी, आणि पाण्याखालच्या पर्वतांचे नकाशे पुरे व्हावेत, एवढीच अपेक्षा.

कारण मुंबईलाही याचा अनुभव आहे. 1883 च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ फुटल्यानंतर वांद्र्याच्या किनाऱ्यावर भरती अचानक ओसरली आणि मासे उघडे पडले. म्हाताऱ्यांनीही असले कधी पाहिले नव्हते. लहानथोर कोळी मासे वेचायला धावले, तोच पाणी घोड्याच्या वेगाने परत फिरले. ही हकीकत त्या वेळच्या वृत्तपत्रात छापून आली होती. तेव्हा समुद्र का ओसरला, हे त्या किनाऱ्यावर कुणालाच ठाऊक नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे. समुद्र अवेळी मागे सरला, तर मासे वेचायचे नसतात. पाठ फिरवून चढण गाठायची असते. हे पोरांना शिकवायला कोणतेही यंत्र लागत नाही.