हायकू आला, करवत राहिली

जपानकडून मराठीने काय घेतले, असे विचारले तर आपण सारे एका सुरात हायकूचे नाव घेऊ. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला आणि पुढे अनेकांनी तीन ओळींची हौस भागवून घेतली. आता त्याच्या जोडीला जपानी सुतारकाम आले आहे. अलीकडे एका परिसंवादात (विषय अर्थातच देशीवाद) एक विद्वान समीक्षक खिळ्यांविना सांधलेल्या जपानी मंदिरांविषयी गद्गद होऊन बोलले. ज्यांना वाकस आणि पटाशी यांतला फरक विचारला तर शब्दकोश उघडावा लागेल, अशा आम्हा श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुंबई-कोलकाता महामार्गाला, म्हणजे पूर्वीच्या ६ आणि आताच्या ५३ क्रमांकाच्या रस्त्याला, गोंदियाचा रस्ता मिळतो तिथे आमचे कोहमारा आहे. एका अंगाला नवेगावचे जंगल, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचे. साग, बीजा, ऐन, तिवस यांचा हा मुलूख. इथे सुताराला वाढई म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या वाढयाने उमेदीत बंड्यांची चाके केली. आता त्याचा नातू मोबाइलवर जपानी सुतारकाम पाहतो आणि ते शिकायचे म्हणतो. त्याने मला एकदा ओढून कापणारी जपानी करवत कौतुकाने दाखवली. आजोबा मागून डोकावले आणि म्हणाले, "सर, आपली जुनी करवतबी ओढूनच चालते. पोट्ट्यानं कधी विचारलंच नाही."

नातवाने विचारले नाही हे खरे. पण आपण तरी कुठे विचारले?

जपानी सुताराचे हात काही दैवी नाहीत. तिथल्या समाजाने त्या हातांच्या ज्ञानाला ज्ञान म्हटले, एवढाच फरक आहे, आणि तो लहान नाही. सातव्या शतकातल्या होर्युजी मंदिराचे सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांच्या घराण्यात लाकडाविषयीची वचने तोंडी चालत आली होती. डोंगराच्या दक्षिण उतारावर वाढलेले झाड इमारतीच्या दक्षिणेला वापरावे, अशा जातीची. ती पुढे लिहून घेतली गेली, छापली गेली, आणि साहित्याच्या वाचकांनीही वाचली. त्यांचा शिष्य ओगावा मित्सुओ याला पहिले वर्षभर वृत्तपत्र नको, दूरदर्शन नको, फक्त हत्यारांना धार लाव, असे सांगितले गेले. पाठ्यपुस्तक म्हणून गुरूने रंध्याचा एक पातळ छिलका काढून हातात दिला: असा निघाला पाहिजे. शिष्याने तो खिडकीच्या काचेला चिकटवला आणि रोज आपला छिलका त्याच्याशी ताडून पाहिला. संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणून आपण वर्गात जे शिकवतो, ते याहून निराळे असते का? २०२० मध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची कौशल्ये वारसा म्हणून नोंदवली. ती नोंद होण्याच्या कितीतरी आधी तिथे ऐकणारे कान होते.

आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) आहे. मोठाच ग्रंथ. त्यात सुताराच्या बलुत्याचा हिशेब मिळतो. चाकाच्या तुंब्यात आरा कसा बसवावा, हे मिळत नाही. समीक्षेने मात्र सुताराची अख्खी पेटी उचलून नेली. कवितेची 'घडण', कादंबरीची 'बांधणी', कथेचे 'सांधे', इतकेच काय 'रंधा मारलेली' भाषा! रूपके घेतली, माणूस ओट्याखालीच राहिला.

इथे आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. सुतारकीचे हे गोडवे म्हणजे जातीचेच गोडवे नव्हेत का? जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे आंबेडकरांनी १९३६ मध्ये बजावले होते. वाढयाच्या नातवाने वाढईच व्हावे, असे म्हणणाऱ्याशी माझे भांडणच आहे. पण म्हणून हत्यार टाकून द्यावे हे त्यातून निघत नाही. ते इतरांनीही हातात घ्यावे, हे निघते. १९३७ मध्ये इथून फार दूर नसलेल्या वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली, तेव्हा सर्वांच्याच मुलांनी हस्तोद्योगातून शिकावे असे ठरले होते. आपण वरच्या वर्गांनी ते शांतपणे 'कार्यानुभवा'च्या तासात गुंडाळले. बहुधा त्या तासाला गणित घेतले जाते. मंदिरे सांधणाऱ्या परक्या सुताराचे कौतुक करण्यात ही एक सोय आहे: त्याच्याशी आपला पानसुपारीचाही व्यवहार नसतो, त्यामुळे त्याची जात विचारावी लागत नाही.

नातवाने जपानी तंत्र जरूर शिकावे. त्यांचा रंधाही ओढूनच चालतो, आणि पात्याची पाठ पोकळ घासलेली असते. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र मराठीच्या पदव्युत्तर वर्गात बोलीचा प्रकल्प करणाऱ्यांनी लोकगीतांच्या पंधराव्या संकलनाऐवजी एकदा वाढयाच्या ओट्यावर बसावे. झाडीबोलीतली हत्यारांची, सांध्यांची, लाकडाच्या दोषांची नावे तिथे अजून तोंडात आहेत. ती सांगणारे सत्तरीच्या पुढे गेले आहेत.

मी वही घेऊन जाऊ लागलो आहे. दुसऱ्याच रविवारी आजोबांनी वही बाजूला ठेवायला लावली आणि रंध्याचे पाते धारेच्या दगडावर घासायला दिले. तासाभराने अंगठा फिरवून त्यांनी ते पाहिले आणि काही न बोलता पुन्हा माझ्या हातात दिले.