गौतम हे आडनाव होते, म्हणून बुद्ध वैदिक ठरतात काय?

वाशिम जिल्ह्यात रिसोड-मालेगावकडे जा की कारंजा-मानोऱ्याकडे, बौद्ध वस्तीत एक तरी गौतम भेटतोच. याच नावावरून आम्हाला डिवचले जाते. म्हणे, "गौतम हे वैदिक ऋषीचे गोत्र, म्हणजे तुमचे बुद्धही आमचेच!" यावर आमचेच कार्यकर्ते घाईने सांगतात की महामायेच्या मृत्यूनंतर महाप्रजापती गौतमीने सांभाळले, म्हणून ते गौतम. हे उत्तर टिकत नाही. 'गौतमी' हेही त्याच गोत्रावरून आलेले स्त्रीनाव. किसा गौतमीने काही सिद्धार्थाला वाढवले नव्हते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये साफ लिहिले आहे: नाव सिद्धार्थ, कुळाचे नाव गौतम. आजच्या भाषेत आडनाव. हे मान्य करायला आम्हाला अडचण कसली?

अडचण आहे ती दावा करणाऱ्यांची. क्षत्रियांनी आपल्या पुरोहिताचे गोत्र-प्रवर घ्यावे, हे मिताक्षरेत विज्ञानेश्वरानेच सांगितले आहे. म्हणजे त्यांच्याच शास्त्राप्रमाणे क्षत्रियाच्या गोत्रावरून त्याचा वंश सिद्ध होत नाही. मग शाक्यकुळातल्या सिद्धार्थाला ऋषीचा वंशज कोणत्या तोंडाने म्हणता?

आणि समजा, असलेच वंशज. तर काय? विनयपिटक उघडा. त्या काळी उच्च मानलेल्या गोत्रांत तिथे गोतम आणि मोग्गल्लान येतात, हीन मानलेल्यांत कोसिय आणि भारद्वाज. (भारद्वाज हीन! आजच्या भारद्वाजांना हे कोणी सांगायचे?) पण ही यादी तिथे आली कशासाठी? गोत्र काढून भिक्खूला हिणवणे हा दोष आहे, हे सांगण्यासाठी. ज्यांचे स्वतःचे गोत्र वरचे समजले जाई, त्यांच्याच संघाचा हा नियम. गोत्राचा तोरा मिरवणाऱ्यांनी हे पान वाचलेले दिसत नाही.

ब्राह्मण त्यांना 'भो गोतम' म्हणत, शिष्य 'भन्ते' म्हणत. सारनाथला पाच परिव्राजकांनी नावाने हाक मारली, तेव्हा बुद्धांनी त्यांना थांबवले. म्हणजे कुळनाव ही बाहेरच्यांची हाक होती. तिचे घरातले नाव केले ते आमच्या माणसांनी. धोंड्या, कचऱ्या, दगड्या अशी नावे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांनी 14 ऑक्टोबर 1956 नंतर मुलांची नावे गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद ठेवली. शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या रकान्यातला शब्द उचलून त्यांनी पहिल्या रकान्यात बसवला. त्यासाठी कुणा पुरोहिताला विचारले नाही.

आता हेच नाव टाळले जाते आहे. तरुण आईबाप म्हणतात, गौतम ठेवले की जात कळते, पुण्यात खोली मिळत नाही. पोराच्या डोक्यावर छप्पर हवे असणाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. नाव ऐकून खोली नाकारणाऱ्याला मात्र विचारतो: तुमच्या दिवाणखान्यात शोभेला बुद्धमूर्ती ठेवली आहे, पाहुण्यांना तिचे नाव काय सांगता?