सुटी गोळी आणि एक एकर जमीन



या अंकात पट्ट्याचं सोडून आम्ही गोळ्यांवर का लिहितोय, असं काहींना वाटेल. पण विषय जमिनीचाच आहे.

किनवट तालुक्यातल्या आमच्या गुड्यातली एक काकू लातूरकडं ऊसतोडीला गेली होती. मोळ्या वाहून कंबर धरायची. फडाजवळच्या दुकानात दुखण्याची सुटी गोळी मिळायची, चिठ्ठी कोणी मागायचं नाही. सकाळी एक, रात्री एक, तीही उपाशीपोटी. सगळा हंगाम असाच काढला. घरी आल्यावर रक्ताची उलटी झाली. गोळ्यांनी जठराला जखम पडली, असं डॉक्टरनं सांगितलं. बिल भरायला काकांनी एक एकर तोंडी गहाण टाकलं. आदिवासींच्या जमिनी वाचवायला 1974 चा कायदा आहे, पण तोंडी व्यवहार सातबाऱ्यावर दिसतो का?

तापाचंही तसंच. गोळीनं अंग गार पडतं, पण हिवताप असला तर जंतू रक्तातच राहतो. रक्ताची काच सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. अँटिबायोटिक दोन दिवस खाऊन सोडली तर जंतू पक्का होतो, मग पुढं तेच औषध लागू पडत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही.

साहेब लोक म्हणतात, आदिवासी अडाणी म्हणून असं करतात. हे आम्हाला मान्य नाही. उपकेंद्राला कुलूप असेल, एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागत असेल, तर माणूस दुकानातच जाणार. मोठ्या दवाखान्याची तरी काय हमी? 2023 साली ऑक्टोबरच्या तोंडावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 जण गेले, त्यात 12 तान्ही बाळं होती. लोकांच्या मनात भीती बसणारच.

म्हणून दोन्ही कामं एकदम करायची. घरात ठरवा: चिठ्ठीशिवाय सुटी गोळी नाही, उपाशीपोटी दुखण्याची गोळी नाही, आपली उरलेली गोळी शेजाऱ्याला द्यायची नाही. आणि ग्रामसभेत ठराव घ्या: उपकेंद्र रोज उघडं पाहिजे, नर्सताई हजर पाहिजे, औषधसाठा फळ्यावर लिहिला पाहिजे. ऊसतोडीला निघायच्या आधी मुकादमाला विचारा, आजारी पडलो तर दवाखान्यात कोण नेणार?

वनहक्काचा पट्टा मिळवायला आपण वर्षानुवर्षं मोर्चे काढले. ती जमीन दवाखान्याच्या बिलात जाऊ द्यायची नाही.